चौदा नंबरचा सेल

नाजनीनचं कौतुक मला सांगू नका. ते करायला अख्खा खालापूर तालुका बसलाय. मी सांगणार ते घडलं तसं, आणि माझ्या पोटात जे दुखत होतं त्याच्यासकट. ते आजही दुखतं.

मी सोनाली. खोपोलीच्या अलीकडे आमचं कॉलेज आहे, तिथे अठरा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते. राहायला साजगावात, नवरा तिथल्याच कारखान्यात शिफ्टला. लॅबमध्ये बावीस मशीन, बावीस खुर्च्या, त्यातल्या तीन डुगडुगत्या. कुठल्या मशीनचं बटण दोनदा दाबावं लागतं, कुठलं मशीन पंख्याखाली ठेवलं तरच चालतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण पोरं मला म्हणतात ‘लॅबवाल्या मॅडम’. आणि तिला? तिला ‘नाजनीन मॅम’. म्हणजे तिला नाव आहे, मला लॅब आहे.

ही नाजनीन माझ्याच हाताखाली शिकली. दहिवलीची पोरगी. बाप शकूरभाई खोपोली-रसायनी टेंपो चालवतो, आई रहिमाभाभी घरी शिलाई करते. अकरावीत होती तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसू द्या म्हणून माझ्या मागे लागली. मला घरी जायला शेवटची मिनीडोर रिक्षा गाठायची घाई. दिली एकदा दुसरी चावी हातात. ती चावी तिच्याकडेच राहिली. शिकून आली, तासाप्रमाणे शिकवायला लागली, तरी चावी आपली तिच्याच पर्समध्ये. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो असा.

तिची एक खोड होती. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकत जातात ना, त्या ही वाचायची. सगळ्या. अहो, ते कोणी वाचतं का? औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद कोणी वाचतो का? आम्ही तेवढ्यात चहा पिऊन येतो. ही खुर्चीवर मांडी घालून, चणे खात, ओळी वाचत बसायची. मी एकदा म्हटलं, “अगं, परीक्षा आहे का त्याची?” तर हसून म्हणते, “मॅडम, मशीन उठल्या उठल्या स्वतःबद्दल खरं सांगत असतं. नंतर नाही सांगत.” नाकाने कांदे सोलायची हौस, दुसरं काय!

तर झालं काय, गेल्या वर्षी आमच्याकडे नेटवर्किंगचा नवा कोर्स आला. एकोणीस मुलींनी नावं घातली. आसपासच्या गावांतल्या, काही पार डोंगराच्या पायथ्याच्या. शिकवणार नाजनीन, कारण ते दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. त्या कोर्सला एक अट होती. प्रत्येक मशीनला स्वतःच्या पोटात दुसरं मशीन चालवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी सोय प्रोसेसरमध्येच असावी लागते. प्राचार्य मला म्हणाले, “सोनालीताई, बघून अहवाल द्या.”

मी एका मशीनवर ती फुकट मिळणारी सिस्टीम घातली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. सुरू केली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही ओळी वाचल्या. स्पष्ट लिहिलं होतं इंग्रजीत, की या प्रोसेसरमध्ये ही सोय नाही. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथं मी लावलंच नाही. त्याच दुपारी अहवाल टाइप केला: बावीसही मशीन या कामाला निरुपयोगी.

आता खरं बोलते. एवढ्या लगबगीने मी अठरा वर्षांत एकही कागद केला नव्हता. कारण मशीन निरुपयोगी म्हणजे कोर्स संस्थेच्या रसायनीच्या शाखेत जाणार. तिथे त्यांचा स्वतःचा माणूस होता. म्हणजे नाजनीनचे तास बंद, नाजनीन बंद. सही करताना मला इतकं बरं वाटलं की येताना मी नवऱ्याला वडापाव घेतला. तो म्हणाला, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “काही नाही, खा.”

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाईबाई, मोतीबाई, लॅब झाडता झाडता म्हणाल्या, “सोनालीताय, नाजनीन कालपास्नं जेवली नाय गं. त्या डोंगराकडच्या पोरी रसायनीला जातील व्हय? दोन गाड्या बदलायच्या. घरचे सोडतील? नाय सोडायचे.” मी म्हटलं, “मग मी काय करू? मशीनमध्ये नाही ते मी कुठून आणू?” तोंडाने हे म्हटलं, पण डोळे दाराकडे होते. नाजनीन आत येत होती.

तिने माझ्याशी भांडायला हवं होतं. मी तयारीत होते. पण ती सरळ म्हणाली, “मॅडम, हा प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या यादीत ही सोय आहे असं लिहिलंय. मशीन म्हणतं नाही. दोघांतलं एक चुकतंय.”

“मशीन कशाला खोटं बोलेल?” मी म्हटलं.

“तेच बघते,” म्हणाली, आणि बसली.

तीन दिवस बसली. त्या सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नेल म्हणतात त्याला, तो कसा लिहिलाय ते कोणालाही उघडून वाचता येतं. म्हणजे वाचणारा भेटला तर. हिने वाचला. मग मला बोलावून फळ्यावर समजावलं, जशी काही मी एकोणीस मुलींमधली विसावी. मशीन सुरू होताना कर्नेल प्रोसेसरला विचारतं, तुला काय काय येतं? या सोयीसाठी ते दोन प्रश्न विचारतं. पहिला, ही सोय तुझ्यात आहे का? दुसरा, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये तिला परवानगी आहे का? आणि दोघांतल्या कुठल्याही एकाला ‘नाही’ आलं की पडद्यावर एकच ओळ छापतं: सोय नाही.

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “शेगडी चांगली आहे, सिलिंडर भरलेला आहे, फक्त रेग्युलेटर बंद आहे. आणि घरात सांगितलं काय, तर शेगडी नाहीच.”

मग तिने एका मशीनची मूळ सेटिंग उघडली, तिथे ती सोय बंद दिसली, ती चालू केली, मशीन परत लावलं. ओळ गेली. पोटात दुसरं मशीन सुरू झालं. दहा मिनिटांचं काम! काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा माझ्या सहीने कागदावर गेलेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती फळा पुसून माझ्याजवळ आली. टेबलावर चौदा नंबरचं मशीन उघडं पडलं होतं. तिची उजवी मूठ मिटलेली होती, मला वाटलं स्क्रू असतील. म्हणाली, “मॅडम, या मशीनचे सेल कधी काढले होते का?”

मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून खणात ठेवला.

काढले होते. मीच काढले होते. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद पडलं, केव्हा उघडेल पत्ता नाही, पाऊस तोंडावर आलेला. आमच्या माहेरी आई, इंदूबाई, पाऊस लागायच्या आत बॅटरी, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांचे सेल काढून डब्यात ठेवायची. आमच्याकडच्या ओलाव्यात पडून राहिलेल्या सेलाला पाणी सुटतं आणि ते यंत्र खातं. हे आमच्याकडे पोरीबाळींनाही माहीत. आता कॉम्प्युटरच्या आतही दोन रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. मी परवानगी काढून लॅबमध्ये गेले, मेन स्विच पाडला, बावीस मशीन उघडली, बावीस सेल काढले, प्रत्येकावर मार्करने मशीनचा नंबर घातला आणि स्टीलच्या डब्यात तांदळात ठेवले. पुढच्या साली जिथल्या तिथे परत बसवले. एकही फुटला नव्हता. मशीनच्या तारखा चुकल्या होत्या, त्या बावीसच्या बावीस मी हाताने लावल्या. कोणी शाबास म्हटलं नाही, मीच स्वतःला म्हटलं.

पण सेल काढला, वीजही तोडली, की मशीनची सेटिंग कंपनीतून आली तशी परत होते. तारीख तर जातेच. आणि कंपनीतून येताना ही सोय बंदच असते. विक्रेत्याने मशीन देताना चालू करून दिली होती, मी माझ्या हाताने बंद केली. आणि मग वर अहवाल दिला की सोय नाही!

हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. समोर ती उभी, मूठ मिटून, शांत. कालची पोर. हिला सांगू? ही सगळ्यांना सांगणार, सगळे हसणार, म्हणणार लॅबवाल्या मॅडम सेल तांदळात ठेवतात.

“छे,” मी म्हटलं. “मी कशाला काढू?”

“बरं,” म्हणाली, आणि चौदा नंबरकडे वळली.

कोर्स राहिला. एकोणीस मुली राहिल्या. प्राचार्यांनी तर नाजनीनला पूर्णवेळ घ्यावं असा प्रस्ताव संस्थेकडे धाडला. पूर्णवेळ! मी सात वर्षं वाट पाहिली होती त्यासाठी. स्टाफरूममध्ये पेढे फिरले. मी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि म्हणाले, “पण बावीस मशीनमधली एकच सोय आपोआप कशी बंद होईल? लॅबची चावी तर दोघींकडेच असते.”

बस्स. एवढंच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पुढचं लोकांनी आपापलं जोडलं. तिनेच बंद केलं असेल, मग तिनेच शोधलं असेल, नोकरीसाठी माणूस काय करत नाही. आठवड्यात हे संस्थेच्या सचिवांपर्यंत गेलं. त्यांनी विक्रेत्याचा जुना कागद काढला, त्यावर त्या सोयीपुढे ‘चालू’ अशी खूण. म्हणजे नंतर कोणीतरी बंद केली. प्रस्ताव थांबला. चौकशी होईपर्यंत तासही थांबले.

प्राचार्यांच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावलं. सचिवांनी तिला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, कोणी बंद केली असेल?” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होते. ती म्हणाली, “मला सांगता येणार नाही, सर.”

बाहेर शकूरभाई टेंपो घेऊन तिला न्यायला आले होते. मला पाहून खाली उतरले, हात जोडले. “मॅडम, तुमी लहानपणापासून ओळखता तिला. तुमी दोन शब्द बोला ना सायबांशी.” मी म्हटलं, “बघते.” काय बघते? कपाळ माझं!

आता यात आणखी एक गंमत. तास बंद होते तरी बाई घरी बसून दुसरंच करत होती. ती कर्नेलची फसवी ओळ सुधारून तिने ती सिस्टीम सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवली होती. प्रोसेसरमध्ये सोय नसेल तर तसं लिहा, आणि सोय असून सेटिंगमध्ये बंद असेल तर तसं लिहा, दोन वेगळ्या ओळी. ही पत्रं सगळ्यांना दिसतात, जगात कुठूनही. हे मला मुलींकडून कळलं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिचं नाव टाकून शोधायची. का? नापास व्हावी म्हणून. आणि पहिल्यांदा झालीही. तिकडून कोणीतरी लिहिलं की वाक्य गोंधळाचं आहे, नीट करा. मला त्या दिवशी डबा फार गोड लागला. तिने नीट करून पाठवलं, परत आलं, ओळ लांब झाली म्हणून. मी मोतीबाईंना म्हटलं, “बघा, तिकडेसुद्धा खपत नाही हिचं.” मोतीबाई म्हणाल्या, “तुमी तिच्यावर ल‌ई ध्यान ठेवता, ताय.”

तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतलं. मी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, कुठे तरी खोट सापडेल म्हणून. तिने लिहिलं होतं, आमच्या लॅबमधल्या बावीस मशीनची सेटिंग मूळ जागेवर गेली होती. कर्नेलच्या ओळीमुळे वापरणारा माणूस चुकीच्या जागी शोधत राहिला. वापरणाऱ्याने ओळ जशी होती तशीच वाचली, त्याचा दोष नाही.

त्याचा दोष नाही.

खाली नावं होती. त्या लोकांत एक रीत आहे, ज्याने दुरुस्ती केली त्याचं नाव लागतं, आणि जिने खोट पहिल्यांदा कळवली तिचंही लागतं. खोट कळवणारीच्या जागी माझं नाव होतं. अख्खं, नवऱ्याच्या आडनावासकट. ती पानं कधी पुसली जात नाहीत म्हणे. अठरा वर्षांत कॉलेजच्या कुठल्या फळ्यावर माझं नाव लागलं नव्हतं, ते तिथे लागलं. कोणी लावलं? मी जिचे तास बंद पाडले तिने.

मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. वाटलं, ही मला भीक घालते का? मग ते पान मी तसंच उघडं ठेवलं. डबा उघडलाच नाही. शेवटी उठले आणि प्राचार्यांच्या खोलीत गेले. नशिबाने सचिवही तिथेच होते.

“सर, सेल मी काढले होते,” मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तांदळाच्या डब्यासकट.

तर प्राचार्य काय म्हणाले असतील? “सोनालीताई, तुमचं मन मोठं आहे. विद्यार्थिनीला वाचवायला स्वतःवर घेताय.”

आता कपाळ कुठे आपटू! खरं बोलले तर मोठ्या मनाची ठरले. मी ओरडलेच, “अहो सर, मन गेलं खड्ड्यात, लॅबमध्ये चला!” दोघांना घेऊन आले. स्क्रू काढले. एक नंबर उघडला, सेलवर माझ्या अक्षरात १. सात उघडला, ७. चौदा उघडला, १४. माझा चार वरून जरा मिटलेला असतो, पगारपत्रकावरही तसाच. सचिवांनी तो सेल चष्मा काढून पाहिला आणि म्हणाले, “तांदळात?” मी म्हटलं, “तांदळात.” त्यांना हसू आवरेना. हसले तर हसले.

पुढच्या महिन्यात नाजनीन पूर्णवेळ झाली. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी लॅबमध्ये मुद्दाम थांबले होते. मनातून मी जरा फुशारले होते, का खोटं बोलू? माफी मागायची होती, आणि मागता मागता तिच्या लक्षातही आणून द्यायचं होतं, की मी सांगितलं नसतं तर आज तू इथे नसतीस. निदान एका गोष्टीत मी तिच्यापेक्षा वरचढ ठरले, असं मला वाटत होतं.

“नाजनीन, ते सेलचं,” मी सुरुवात केली.

“मला माहीत होतं, मॅडम,” ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पर्स खुर्चीला अडकवत.

“कधीपासून?”

“तुम्हाला विचारलं तेव्हापासूनच. चौदाचा सेल माझ्या मुठीत होता.”

मला बसायला खुर्ची हवी होती, हाताला आली ती डुगडुगती. “मग सचिवांना का नाही सांगितलंस? तुझे तास गेले, तुझ्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. एका शब्दाचं काम होतं.”

“तुम्ही सांगाल असं वाटलं.”

“आणि मी नसतंच सांगितलं तर?”

“तर मीही नसतं सांगितलं,” ती म्हणाली, आणि मशीन सुरू करत गेली, एकापाठोपाठ एक, एकोणीस मुली येण्याआधी.

मी तिच्या जागी असते तर तो सेल त्याच दिवशी सगळ्यांसमोर आपटला असता, आणि वर चार शब्द ऐकवले असते. हे मला पक्कं ठाऊक आहे. डोक्याने ती पुढे आहे हे मी केव्हाच सोसलं होतं. म्हटलं, असू दे, डोकं देवाने दिलंय. पण जन्मात एकदा मोठेपणा करायला गेले, तर तिथेही मेली माझ्या आधी जाऊन बसलेली.